गाडीत अ‍ॅम्प बसवला आणि ‘कुंईऽऽ’ सुरू झाली? दोष बहुतेक वेळा अ‍ॅम्पचा नसतो, अर्थचा असतो

बेळगाव : दसऱ्याला गाडी धुऊन हार घालून झाला की अनेकांना आठवण येते ती गाण्यांची. कंपनीने दिलेला आवाज कमी पडतो म्हणून बाजारातून चार चॅनलचा अ‍ॅम्प, डिकीत बसणारा वूफर आणि वायरचा तयार किट आणला जातो. दुकानात इंजिन बंद ठेवून गाणे लावले की आवाज झकास. मग घरी जायला म्हणून सेल्फ मारला, की स्पीकरमधून बारीक ‘कुंईऽऽ’ ऐकू येऊ लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर वर चढतो, पाय काढला की खाली येतो. चोर्ला घाटात तर प्रत्येक गियरला वेगळा सूर लागतो.

परत दुकानात गेले की संवाद ठरलेला.

‘मामा, हा आवाज कसला येतोय हो?’

‘अ‍ॅम्पच हलका घेतलासा की. चांगल्यातला टाकूया.’

चांगल्यातला अ‍ॅम्प येतो, आणखी काही हजार रुपये जातात आणि ‘कुंई’ तिथेच राहते. कारण हा आवाज बहुतेक वेळा अ‍ॅम्प तयार करत नसतो. तो गाडीच्या वायरिंगमधून आत शिरलेला असतो. अ‍ॅम्पला गाणे आणि गोंगाट यातला फरक कळत नाही. जे आत येईल ते तो मोठे करून बाहेर टाकतो. त्यामुळे नवे काही विकत घेण्याआधी शोधायची गोष्ट एकच : आवाज कोणत्या वाटेने आत आला?

हे शोधायला एक साधा मल्टिमीटर, चार-पाच मीटर वायर आणि साधारण अर्धा-पाऊण तास पुरतो.

‘कुंई’ नेमकी येते कुठून?

इंजिन बंद असताना गाडीतली सगळी वीज बॅटरीतून येते. चांगली चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि तिची वीज एकदम शांत, सरळ असते. इंजिन सुरू झाले की काम अल्टरनेटरकडे जाते, ज्याला गॅरेजमध्ये आजही ‘डायनामो’ म्हणतात. मग व्होल्टेज १३.८ ते १४.४ च्या घरात जाते.

अल्टरनेटर मुळात तयार करतो ती घरातल्यासारखी दिशा बदलणारी वीज, तीही तीन फेजची. आतले डायोड तिला एका दिशेला वळवतात. पण वळवलेली वीज बॅटरीइतकी गुळगुळीत नसते. तिच्यावर बारीक लाटा राहतात, आणि लाटा किती वेगाने येतात हे इंजिनच्या वेगावर अवलंबून असते.

आकड्यात बघू. इंजिन ८०० आरपीएमवर निवांत चालू आहे. पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच पट वेगाने, म्हणजे २००० आरपीएमने फिरतो असे धरू. सेकंदाला साधारण ३३ फेरे झाले. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये बहुधा चुंबकाच्या सहा जोड्या असतात आणि तीन फेजमुळे प्रत्येक आवर्तनात सहा लाटा येतात. ३३ गुणिले ६ गुणिले ६, म्हणजे सेकंदाला सुमारे १२०० लाटा. १२०० हर्ट्झचा सूर माणसाच्या कानाला अगदी स्पष्ट ऐकू येतो. इंजिन २००० आरपीएमला नेले की तोच सूर ३००० हर्ट्झवर जातो. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर ‘कुंई’ वर चढते ती यामुळे.

या लाटा प्रत्येक गाडीत असतात, कंपनीचा स्टिरिओ एकटा असतानाही असतात. मग तेव्हा आवाज का येत नाही? कारण तेव्हा त्यांना गाण्याच्या सिग्नलमध्ये शिरायला वाट नसते. ती वाट अ‍ॅम्प बसवताना आपणच करून देतो.

‘अर्थ धरत नाही’ म्हणजे काय?

उद्यमबागेत मशिनवर काम करणाऱ्याला अर्थिंग म्हटले की जमिनीत पुरलेली पट्टी आठवते. गाडीत जमीन नाही. खाली रबराचे टायर आहेत. गाडीत ‘अर्थ’ म्हणजे लोखंडी बॉडी. बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते आणि दिवे, हॉर्न, वायपर, पंखा या सगळ्यांचा करंट त्या बॉडीतूनच बॅटरीकडे परत जातो. बॉडी म्हणजे सगळ्यांच्या सांडपाण्याचा एकच नाला समजा.

आता स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डच्या मागे आहे आणि अ‍ॅम्पचा अर्थ मागे डिकीत. दोन्ही ठिकाणी शून्य व्होल्ट असायला हवे. पण डिकीतला अर्थ रंगावरच स्क्रू मारून जोडला असेल, तर त्या जोडाला थोडा विरोध येतो. समजा तो विरोध फक्त ०.०१ ओहम आहे. अ‍ॅम्प ३० अ‍ॅम्पिअर ओढू लागला की त्या जोडावर ०.३ व्होल्ट तयार होतात. म्हणजे स्टिरिओचा शून्य आणि अ‍ॅम्पचा शून्य यात ०.३ व्होल्टचा फरक पडला.

या दोन ठिकाणांना जोडणारी आणखी एक वायर आहे : स्टिरिओतून अ‍ॅम्पकडे गाणे नेणारी आरसीए केबल. तिचे बाहेरचे कडे दोन्ही टोकांना अर्थशी जोडलेले असते. दोन शून्यांत फरक पडला की थोडा करंट बॉडीचा रस्ता सोडून या कड्यातून धावू लागतो. त्याच करंटवर अल्टरनेटरच्या लाटा स्वार असतात. गाणे हळू लावले असेल तेव्हा केबलमधला सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, त्यामुळे शेजारून जाणारी बारीकशी लाटही ठळक ऐकू येते. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. गाडीतल्या ‘कुंई’च्या तक्रारींमागे सर्वाधिक वेळा हेच कारण सापडते.

आधी कान लावा : आवाजाची जात ओळखा

मीटर काढण्याआधी पाच मिनिटे गाडीत शांत बसून आवाज ऐकावा. आवाज कसा आहे यावरून निम्मे निदान होते.

• इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी ‘कुंई’ : अल्टरनेटरची लाट. बहुधा अर्थ किंवा आरसीए केबलची वाट.

• इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी ‘टर्र’ : पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगची ठिणगी. चार सिलिंडरच्या इंजिनात ८०० आरपीएमला सेकंदाला जवळपास २७ ठिणग्या पडतात. जुन्या गाड्यांत प्लगची वायर चिरलेली किंवा बिगर-रेझिस्टर प्लग टाकलेला असेल तर हा आवाज येतो. डिझेल गाडीत प्लगची ठिणगीच नसते, तिथे हे कारण शोधू नये.

• इंजिन बंद असो वा चालू, सतत सारखाच ‘सूंऽऽ’ : अ‍ॅम्पचा गेन जास्त ठेवलेला आहे.

• सिस्टीम चालू किंवा बंद करताना ‘धप्प’ : रिमोट वायरची जोडणी चुकली आहे, अ‍ॅम्प स्टिरिओच्या आधी सुरू होतो किंवा नंतर बंद होतो.

• इंडिकेटर, ब्रेक किंवा वायपर लावल्यावर ‘टक्’ किंवा ‘घर्र’ : स्टिरिओचा किंवा अ‍ॅम्पचा अर्थ त्या उपकरणाच्या अर्थबरोबर एकाच बोल्टला मारला आहे.

• मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्स वायरने गाणी ऐकतानाच येणारा आवाज : चार्जरची वायर आणि ऑक्स वायर मिळून लूप झाला. चार्जर काढून बघावा. आवाज गेला तर वायरिंग उघडायची गरजच नाही.

• फक्त एफएमवर येणारी खरखर, ब्लूटूथवर मात्र शांतता : अँटेना किंवा बाहेरून बसवलेले हलके एलईडी दिवे, चार्जर, डॅशकॅम. याचा अ‍ॅम्पशी संबंध नाही.

अर्ध्या तासाची तपासणी

ज्यांची तक्रार पहिल्या प्रकारची, म्हणजे ‘कुंई’ची आहे, त्यांनी पुढच्या पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर आवाज कशामुळे गेला हे कळत नाही आणि महिन्याभराने तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. केबल काढण्या-लावण्याआधी प्रत्येक वेळी सिस्टीम बंद करावी.

पायरी १ : इंजिन चालू ठेवून स्टिरिओचा आवाज कमी-जास्त करावा. व्हॉल्यूमबरोबर ‘कुंई’ही वाढत असेल तर गोंगाट व्हॉल्यूमच्या आधीच, म्हणजे स्टिरिओत किंवा त्याला जोडलेल्या मोबाइल-ऑक्समधून येतोय. व्हॉल्यूम शून्य केला तरी ‘कुंई’ तेवढीच राहते, तर ती स्टिरिओच्या पुढे, म्हणजे आरसीए केबल किंवा अ‍ॅम्पच्या बाजूला शिरते आहे.

पायरी २ : अ‍ॅम्पच्या बाजूने आरसीएच्या पिना काढाव्यात आणि सिस्टीम परत सुरू करावी. आवाज गेला तर अ‍ॅम्प निर्दोष. गोंगाट केबलमधून येत होता. आवाज राहिला, तर जुन्या आरसीए पिनेचा मधला दांडा आणि बाहेरचे कडे तारेने जोडून ती पिन अ‍ॅम्पच्या इनपुटला लावून बघावी. (ही पिन स्पीकरच्या टर्मिनलला चुकूनही लावू नये.) तरीही आवाज आहे, तर अ‍ॅम्पची पॉवर, अर्थ किंवा खुद्द अ‍ॅम्प तपासावा लागेल. ‘अ‍ॅम्प गेलाय’ हे वाक्य म्हणायचा अधिकार मिस्त्रीला या पायरीनंतर मिळतो, त्याआधी नाही.

पायरी ३ : केबल दोषी वाटत असेल तर दुसरी आरसीए केबल सीटच्या वरूनच, उघड्यावर टाकून जोडावी. आवाज गेला तर जुनी केबल खराब आहे किंवा ती पॉवरच्या वायरला चिकटून गेली आहे. आवाज तसाच, तर अ‍ॅम्पला स्टिरिओऐवजी मोबाइल जोडावा, पण मोबाइल चार्जिंगवर नको, नुसत्या बॅटरीवर. मोबाइलला गाडीचा अर्थ नसतो, त्यामुळे लूप तुटतो. आता शांतता असेल तर पक्के झाले : स्टिरिओचा अर्थ आणि अ‍ॅम्पचा अर्थ यांचे जमत नाही.

पायरी ४ : मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. एक टोक लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरे अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला. इंजिन चालू आणि गाणे बऱ्यापैकी मोठे. मीटरवर ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले तर जोड नक्की खराब आहे. मधला आकडा आला तर जोड एकदा उघडून साफ करावा.

इथे एक चूक सर्रास होते. मिस्त्री मीटर ‘बीप’वर ठेवतो, एक टोक अ‍ॅम्पच्या अर्थला, एक बॉडीला लावतो. बीप वाजते आणि तो म्हणतो, ‘अर्थ बरोबर हाय की.’ पण ०.०१ ओहमचा विरोध साध्या मीटरला दिसतच नाही. वायरची एकच तार बोल्टला टेकली असेल तरी बीप वाजते, पण त्या एका तारेतून ३० अ‍ॅम्पिअर जाऊ शकत नाहीत. म्हणून अर्थ तपासायचा तो करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये. बीपवर विसंबू नये.

पायरी ५ : एवढे करूनही काही सापडले नाही आणि दिवेही थरथरत असतील तर अल्टरनेटर बघावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मोजावे. ०.१ व्होल्टच्या खाली असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट आला तर डायोड गेल्याची शक्यता मोठी. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवूनही डीसीच मोजतात आणि पंचवीस-तीसचा भलताच आकडा दाखवतात. टोके उलटी लावल्यावर आकडा एकदम शून्याजवळ आला तर मीटर फसवतो आहे असे समजावे.

अर्थ नीट कसा मारायचा?

दोष अर्थचा निघाला तर दुरुस्तीचा खर्च जवळपास नाहीच. लागते ती मेहनत.

डिकीत बॉडीचा जाड, पक्का पत्रा निवडावा. पातळ झाकण, बिजागरीने जोडलेला भाग किंवा मागच्या सीटचा पाइप नको. त्या जागेचा रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरने घासून चकाकते लोखंड उघडे करावे. रंग म्हणजे विजेला अडवणारा थरच. वायरच्या टोकाला योग्य मापाची लग दाबून बसवावी, दातेरी वॉशर घालून नट-बोल्टने घट्ट आवळावी. पत्र्यात शिरणारा साधा स्क्रू हादऱ्यांनी ढिला होतो. भोक पाडायचे असेल तर आधी गाडीखाली जाऊन पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा पाइप कुठे आहे ते पाहावे.

सीट बेल्टचा बोल्ट तयार आणि भक्कम दिसतो म्हणून अनेक जण अर्थ तिथेच मारतात. तसे करू नये. तो बोल्ट अपघातात माणूस धरून ठेवण्यासाठी आहे. त्याच्याखाली लग घातली की त्याची पकड बदलते.

अर्थची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड आणि शक्यतो दीड फुटाच्या आत असावी. जोड आवळून झाला की वरून रंग किंवा ग्रीस लावावे. खानापूर-चोर्ला पट्ट्यातला पाऊस आणि गोवा-कारवारकडची खारी हवा उघड्या लोखंडाला महिन्याभरात गंज चढवते. दोन वर्षे गुपचूप चाललेली सिस्टीम पावसाळा संपल्यावर अचानक ‘कुंई’ करू लागली, तर सर्वांत आधी हाच बोल्ट उघडून बघावा.

जुन्या गाड्यांत आणखी एक जागा राहून जाते : बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला जाणारी मूळ वायर. ती गंजली असेल तर डिकीतला अर्थ कितीही चांगला मारला तरी उपयोग नाही, कारण परतीचा रस्ता शेवटी तिथूनच जातो. नव्या गाड्यांत निगेटिव्ह खांबावर करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो. अशा गाडीत अ‍ॅम्पचा अर्थ थेट खांबावर न घेता बॉडीवर घ्यावा. नाहीतर गाडीच्या संगणकाला बॅटरीतून किती करंट गेला याचा हिशेब लागत नाही.

वायर जाड दिसते, पण आत काय?

बाजारातल्या स्वस्त किटमधली वायर बोटाएवढी दिसते. सोलली की आत तारांचा जेमतेम झुबका. वरून जाडी असते ती प्लास्टिकची. शिवाय तार तांब्याची दिसत असली तरी अनेकदा ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने एक तार खरवडली आणि आतून पांढरी निघाली की समजावे. अशा तारेचा विरोध तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो.

८ गेजची शुद्ध तांब्याची पाच मीटर वायर घेतली तर तिचा विरोध साधारण ०.०१ ओहम. ३० अ‍ॅम्पिअरला ०.३ व्होल्ट वाटेतच गेले. मुलाम्याची वायर असेल तर अर्धा व्होल्ट. वूफर ‘धम्म’ वाजताना डॅशबोर्डचे दिवे मंद होतात त्यात याचाही हात असतो.

वायर कुठून न्यायची हेही महत्त्वाचे. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए केबल दुसऱ्या बाजूने न्यावी. दोघींना कुठे एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे. शेजारी-शेजारी, एकाच टेपमध्ये गुंडाळून नेल्या तर पॉवरमधला गोंगाट न टेकताही केबलमध्ये उतरू शकतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

अ‍ॅम्पवरचा ‘गेन’चा स्क्रू पूर्ण फिरवला की जास्त वाजते, हा समज खोलवर रुजलेला आहे. गेन म्हणजे स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती मोठा आहे ते अ‍ॅम्पला सांगण्याची सोय. स्टिरिओचा आवाज कमी आणि गेन पूर्ण असेल तर अ‍ॅम्प बारीक सिग्नलबरोबर सगळा कचराही मोठा करतो.

योग्य रीत उलटी आहे. गेन अगदी कमी करावा. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश ठेवावा. मग ओळखीचे गाणे लावून गेन हळूहळू वाढवावा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्यावा. तिथेच थांबावे. सततचा ‘सूंऽऽ’ बहुतेक गाड्यांत एवढ्यानेच कमी होतो.

फिल्टर लावू का?

‘नॉइज फिल्टर’ नावाचा डबा दुकानात लगेच पुढे केला जातो. आरसीए केबलमध्ये लावायच्या डब्यात छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते दोन्ही बाजूंचे अर्थ वेगळे करतात, त्यामुळे ‘कुंई’ जाते हे खरे. पण स्वस्त डब्यातला इवलासा ट्रान्सफॉर्मर खालचे सूर नीट पुढे पाठवू शकत नाही. म्हणजे ज्या धमक्यासाठी वूफर घेतला, तोच पातळ होतो. आणि खराब अर्थ तसाच राहतो, फक्त त्याची तक्रार ऐकू येत नाही.

सगळे तपासून, अर्थ नीट करूनही थोडा आवाज उरला तर फिल्टर जरूर लावावा. पहिला उपाय म्हणून नको.

एक अपवाद स्टिरिओचाच. अ‍ॅम्पचा अर्थ सुटलेला असताना किंवा जोडण्याआधीच आरसीए लावली आणि पॉवर दिली, तर अ‍ॅम्पचा सगळा करंट केबलच्या कड्यातून परत जाऊ पाहतो. काही स्टिरिओंमध्ये त्या मार्गावर आत एक सूक्ष्म फ्यूज असतो, तो उडतो आणि कायमची ‘कुंई’ सुरू होते. ओळखायचे कसे? आरसीए काढून स्टिरिओच्या पिनेचे बाहेरचे कडे आणि त्याचे धातूचे अंग यात मीटरने विरोध मोजावा. जवळपास शून्य असायला हवा. जोडच मिळत नसेल तर तो फ्यूज गेला. म्हणून नियम एकच : अ‍ॅम्प बसवताना अर्थ सर्वांत आधी जोडायचा आणि काढताना सर्वांत शेवटी सोडायचा.

ही फक्त कानाची गोष्ट नाही

ढिल्या जोडातून ३० अ‍ॅम्पिअर वाहतात आणि त्यावर अर्धा व्होल्ट पडतो, याचा अर्थ तिथे १५ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही डिकीच्या गालिच्याखाली. ‘कुंई’ ही अशा जोडाची पहिली खूण असू शकते. म्हणून तपासणी करताना या गोष्टी बघितल्याशिवाय बोनेट बंद करू नये.

• पॉवरच्या वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नको. अ‍ॅम्पवर फ्यूज आहे म्हणून हा टाळू नये. अ‍ॅम्पचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो, बॅटरीजवळचा फ्यूज गाडीला वाचवतो. फ्यूज उडतो म्हणून तिथे तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

• इंजिनच्या खोलीतून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून नुसती ओढलेली नको. रबरी बूच हवे. पत्र्याच्या धारेने प्लास्टिक कापले की बॅटरीचा पूर्ण करंट बॉडीत जातो.

• डायनामो तपासायला इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायची जुनी सवय सोडावी. त्या क्षणी व्होल्टेज कित्येक पट उसळी घेते. जुन्या साध्या गाड्यांत ते खपून जायचे. आजच्या गाडीचा संगणक, स्टिरिओ, अ‍ॅम्प, सगळेच त्यात जाऊ शकते.

• कंपनीच्या स्टिरिओच्या स्पीकर वायरवरून अ‍ॅम्पला सिग्नल घेत असाल तर त्यातली कोणतीही वायर बॉडीला लावू नये. आजच्या बहुतेक स्टिरिओंत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असते. एक जरी अर्थ झाली तरी स्टिरिओ जळू शकतो.

• एअरबॅगच्या पिवळ्या आवरणाच्या वायरींना आणि हायब्रिड किंवा विजेवरच्या गाड्यांतल्या नारिंगी केबलींना हात लावू नये. त्यासाठी मीटरही पुढे करू नये.

दुकानात जाताना

स्वतः बोल्ट उघडायची तयारी नसेल तरी हरकत नाही. मिस्त्रीला फक्त तीन गोष्टी विचाराव्यात. आरसीए काढल्यावर आवाज जातो का? गाणे वाजत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून अ‍ॅम्पच्या अर्थपर्यंत किती व्होल्ट येतात? बॅटरीजवळ फ्यूज आहे का आणि किती अ‍ॅम्पिअरचा? जाणकार मिस्त्री ही तिन्ही उत्तरे गाडीजवळ उभे राहून, मीटर दाखवत देईल. जो मीटर न काढताच नवा अ‍ॅम्प सुचवतो, त्याला ‘बघूया की’ म्हणून गाडी पुढे काढावी.